डबा दारात ठेवल्यानंतर

पुण्याच्या मोठ्या भागात सकाळी दारावर कचरा न्यायला येणारी बाई महापालिकेची नोकर नसते. ती कुठल्या ठेकेदाराचीही नसते. ती एका सहकारी संस्थेची सभासद असते, म्हणजे कायद्याने त्या संस्थेची एक मालकीणच. तिची कमाई दोन ठिकाणांहून येते: घराघरांतून मिळणारं मासिक शुल्क आणि कचऱ्यातून निवडलेल्या भंगाराची विक्री. कितीतरी पुणेकरांना हे अजून ठाऊक नाही. ‘मावशी, परवा का आला नाहीत?’ असं दटावताना आपण नक्की कोणाशी बोलतोय, याचा पत्ताच नसतो.

सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारी हे शब्द हल्ली कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत गुळगुळीत कागदावर, झाडं लावणाऱ्या हसऱ्या माणसांच्या फोटोंखाली छापून येतात. ही जबाबदारी खरोखर कोण उचलतं हे पाहायचं असेल, तर अहवालापेक्षा कचऱ्याचा डबा बरा. त्यात महापालिका, वस्तू विकणारी कंपनी, ती वापरणारं घर आणि तो उचलणारा हात, असे सगळे एकाच जागी सापडतात.

कुंडीपासून ओळखपत्रापर्यंत

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यातही बहुतेक दलित समाजातल्या. 1972च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कितीतरी कुटुंबं या कामात शिरली. कुंडीत हात घालायचा, कागद-काच-पत्रा निवडायचा, पाठीवर पोतं टाकून भंगारवाल्याकडे जायचं. आसपास कुठे चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावरच.

1990च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचं काम या बायकांच्या वस्त्यांत सुरू झालं. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यात होत्या. अक्षरओळखीपेक्षा बायकांना जास्त निकड होती ती बऱ्या मालाची. कुंडीतून उचललेला कागद ओला, खरकट्याने माखलेला असतो. तोच कागद घरातून वेगळा हातात मिळाला तर कोरडा राहतो आणि त्याला भाव येतो. सुका कचरा वेगळा ठेवा, ही आज पालिकेच्या फलकांवर दिसणारी सूचना पुण्यात आधी या बायकांच्या पोटापाण्याच्या गरजेतून आली. पर्यावरणाची भाषा तिला नंतर चिकटली.

मे 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या मागे हमाल पंचायतीच्या बाबा आढावांचा अनुभव होता. संघटनेचा युक्तिवाद सरळ होता. आम्ही उचलतो तो माल महापालिकेला उचलावा, वाहावा आणि पुरावा लागत नाही. तेवढा खर्च वाचतो. तेव्हा आमच्याकडे दयेने बघू नका, कामगार म्हणून बघा. 1996 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. वरवर पाहता ते एक लॅमिनेट केलेलं कार्ड. पण पोलिसाने हटकलं तर दाखवायला हातात काहीतरी आलं. 2002-03 मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा वैद्यकीय विमा उतरवला.

मधल्या काळात वरून कायदा आला. अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या पाठपुराव्यातून 2000 सालचे घनकचरा नियम झाले आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करणं शहरांवर बंधनकारक झालं. ऐकायला चांगलं. कचरावेचकांसाठी मात्र ही धोक्याची घंटा होती. कुंडी बंद होणार आणि दारातला कचरा ठेकेदाराच्या गाडीत जाणार, म्हणजे पोटावर पायच. देशातल्या अनेक शहरांत नेमकं तेच झालं. पुण्यात संघटनेने उलटा प्रस्ताव मांडला: दारावर आम्हीच येतो. आधी प्रयोग झाला, मग 2007 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदवली गेली आणि 2008 मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. आज तिच्या सभासदांची संख्या साडेतीन हजारांच्या वर आहे.

पैसे कोण देतं

या व्यवस्थेत महापालिका बायकांना पगार देत नाही. घरोघरी संकलनाची मजुरी रहिवासी थेट देतात. महापालिका हातमोजे, बादल्या, ढकलगाड्या अशी साधनं आणि संस्थेच्या समन्वयाचा खर्च पुरवते. झोपडपट्टीत शुल्काचा दर कमी असतो आणि तिथल्या कामासाठी महापालिका काही अनुदान देते. गोळा झालेला कचरा बायका ढकलगाडीने फीडर पॉइंटवर आणतात. तिथून पुढची गाडी महापालिकेची.

थोडक्यात, जबाबदारीचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिलं गेलं. व्यवस्था टिकली ती यामुळे, असं मला वाटतं. ‘सर्वांनी मिळून शहर स्वच्छ ठेवू या’ अशा घोषणेत कोणाचंच नाव नसतं.

अडचणीही त्याच रचनेतून येतात. पैसे घराकडून यायचे, तर घर टाळाटाळ करू शकतं. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या देखभालीचा हजारोंचा करार बिनबोभाट मंजूर होतो आणि कचऱ्याच्या महिन्याच्या रकमेवर पाऊण तास घासाघीस चालते. ती रक्कम फ्लॅटमागे मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाहूनही कमी असते. ‘आम्ही मालमत्ता कर भरतो, वेगळे पैसे कशाला?’ हा ठरलेला प्रश्न. तो अगदीच गैरलागू नाही, पण त्याचं उत्तर महापालिकेकडून मागायचं असतं, दारात उभ्या असलेल्या बाईकडून नाही.

दुसरी अडचण कराराची. तो कायमचा नाही. 2020च्या अखेरीस दुसरा करार संपला आणि काही काळ सगळं मुदतवाढीवर चाललं. त्या वेळी ठेकेदारी पद्धत आणण्याच्या हालचाली झाल्या आणि बायकांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. घराघरांचे दरवाजे रोज ठोठावणाऱ्या माणसाच्या हातात स्वतःच्या कामाची पाच वर्षांपलीकडची हमी नाही.

सुक्या कचऱ्याच्या पिशवीत

फीडर पॉइंटजवळ, पुलाखाली, सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे चार हात जागा मिळेल तिथे कचऱ्याची निवडानिवड चालते. पिशवी पालथी केली की अनुभवी हात वस्तूकडे न बघताही ओळखतो. पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा. दुधाच्या पिशव्या एकीकडे. घरात त्या विसळून वाळवल्या असतील तर चांगला भाव, नसतील तर आंबूस वासासकट हातात येतात. पेट बाटल्यांचा ढीग निराळा, शाम्पूच्या बाटल्या आणि डबे यांचं कडक प्लास्टिक निराळं. पत्रा, ॲल्युमिनियम, काच. पुठ्ठ्याच्या खोक्यात कोणी खरकटं टाकलं असेल तर ते खोकं भंगाराच्या दुकानात चालत नाही, म्हणजे त्या दिवशीच्या कमाईतून ते गेलं.

या सगळ्यातून शेवटी एक ढीग उरतो: वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, सॉसच्या पुड्या, गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. प्लास्टिकचे थर आणि अनेकदा ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. माल ताजा राहावा म्हणून कंपनीने निवडलेलं हे वेष्टन. वजनाला हलकं, संख्येला अमाप. भंगारवाला ते तराजूवरही घेत नाही. कोणी घेत नाही म्हणून वेचायला परवडत नाही, आणि वेचलं जात नाही म्हणून ते नाल्यात सापडतं. पुण्यात ‘स्वच्छ’ने आयटीसीबरोबर अशा पाकिटांच्या संकलनाचा प्रयोग केला. वेचणाऱ्याच्या श्रमाचे पैसे मिळायला लागल्यावर तोच निरुपयोगी ढीग पोत्यांत भरला जाऊ लागला. घरोघरी पत्रकं वाटून जे साधत नाही, ते किलोमागे मिळणाऱ्या चार पैशांनी साधतं.

उरलेलं जातं कुठे

कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. तिथला कचरा 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून सासवड रस्त्यालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या वेशीवर जाऊ लागला. शहराने आपल्या घराजवळची दुर्गंधी काही मैल पुढे ढकलली, इतकंच. विहिरींचं पाणी बिघडलं, माश्यांनी घरं भरली आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघण्याची वेळ आली.

गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. 2017च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, तेव्हा तीन आठवड्यांहून अधिक काळ त्यांनी एकही गाडी आत जाऊ दिली नाही. शहरातल्या रस्त्यांवर कचरा साठला आणि प्रश्न मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला. ओला-सुका वेगळा करण्याबाबत एरवी जी चालढकल चालते, ती त्या दिवसांत बरीच थांबली होती.

पुण्यात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्यातला प्रत्येक वेचलेला किलो उरुळीला जाणाऱ्या वजनातून कमी होतो. वेचणाऱ्या बाईचा आणि उरुळीच्या शेतकऱ्याचा एकमेकांशी संबंध आहे तो असा, आणि दोघांचाही संबंध आपण दुधाची पिशवी विसळतो की नाही याच्याशी आहे. ‘जनवाणी’ ही संस्था, महापालिका, ‘स्वच्छ’ आणि कमिन्स इंडिया यांनी 2011च्या सुमारास कात्रजमध्ये शून्य कचरा प्रभागाचा प्रयोग केला, त्यामागे हेच गणित होतं: प्रभागातला कचरा शक्यतो प्रभागातच जिरवायचा.

लाल ठिपका

कचऱ्याच्या निवडानिवडीत सगळ्यात त्रासाचा भाग वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनांचा आणि डायपरांचा. कित्येकदा ते उघडेच सुक्या कचऱ्यात येतात. बाईच्या हाताला दुसऱ्याच्या रक्ताचा स्पर्श होतो, कधी हातमोजा फाटलेला असतो. या वस्तूंचा मोठा भाग प्लास्टिकचा. त्या कुजत नाहीत आणि भंगारातही जात नाहीत.

प्लास्टिक कचऱ्याच्या 2011च्या नियमांत उत्पादकाच्या जबाबदारीचा उल्लेख होता, पण कंपन्यांकडून काही हालचाल नव्हती. 2013 मध्ये ‘स्वच्छ’च्या बायकांनी वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या भरल्या आणि त्या ज्यांच्या होत्या त्या मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांना पाठवून दिल्या. निवेदनं देऊन झाली होती, बैठका झाल्या होत्या. हे निवेदन मात्र टेबलावर दुर्लक्षित पडून राहण्यासारखं नव्हतं.

2016च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पाकिटाबरोबर विल्हेवाटीसाठी वेगळी पिशवी किंवा वेष्टन द्यावं, असं कलम आलं. काही कंपन्या देऊ लागल्या, काहींच्या पाकिटात आजही ते शोधावं लागतं. 2017 मध्ये संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम घेतली: नॅपकिन किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर पेनने लाल ठिपका काढा, म्हणजे बाईला न उघडता कळेल. खर्च शून्य. कागद घरात, पेन घरात. तरीही ज्या घरांत ही गोष्ट अजून कुजबुजत बोलली जाते, तिथे हा ठिपका काढायला बराच संकोच ओलांडावा लागतो.

कंपनीचे दोन खिसे

आता कंपन्यांकडे. कंपनी कायदा 2013च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ संपत्ती, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक पायरी ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हाच सीएसआर. 1 एप्रिल 2014 पासून तो लागू आहे आणि राज्यांचा विचार केला तर सर्वात मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च होतो. शाळेला संगणक, दवाखान्याला रुग्णवाहिका, गावाला बंधारा. त्यातली बरीच कामं चांगली असतात, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही.

पण हा एक खिसा झाला. दुसरा खिसा आहे विस्तारित उत्पादक जबाबदारीचा, म्हणजे तुम्ही विकलेल्या वस्तूच्या वेष्टनाचं शेवटी काय होतं याची जबाबदारी तुमचीच. फेब्रुवारी 2022 मध्ये प्लास्टिक वेष्टनासाठी याची सविस्तर नियमावली आली. बाजारात जितकं वेष्टन आणलं तितकं परत गोळा करण्याचं लक्ष्य 2023-24 मध्ये 100 टक्क्यांवर पोचलं. 2024-25 पासून त्यातलं किमान किती पुनर्चक्रित व्हायलाच हवं याचे टक्के ठरले: कडक प्लास्टिकचं 50, लवचिक आणि बहुस्तरीय वेष्टनाचं प्रत्येकी 30. हे आकडे दरवर्षी वाढत जातात.

या दोन खिशांमधली भिंत कायद्याने बांधलेली आहे. सीएसआरच्या 2021च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येणार नाही. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं कामही नाही. म्हणजे वेफर्सची पाकिटं परत गोळा करणं हे वेफर्सवाल्या कंपनीचं दान होत नाही, ते तिचं देणं आहे. प्रत्यक्षात टीशर्ट-टोप्या घालून समुद्रकिनारा साफ करणारे कर्मचारी फोटोत दिसतात, तेव्हा बघणाऱ्याच्या मनात दोन्ही खिसे एक होऊन जातात. त्या किनाऱ्यावरच्या पिशवीत स्वतःच्याच कंपनीची किती पाकिटं सापडली, हे फोटोखाली कोणी लिहीत नाही.

प्रमाणपत्रांचा बाजार

कंपनीने प्रत्येक पाकीट स्वतः उचलावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. नोंदणीकृत प्रक्रिया उद्योग प्लास्टिकवर प्रक्रिया करतो, त्या वजनाचं प्रमाणपत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतं आणि कंपनी ते विकत घेऊन आपलं लक्ष्य पूर्ण करते. पुनर्चक्रण जमत नाही असं बहुस्तरीय प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळलं तर विल्हेवाट म्हणून तेही हिशोबात येतं.

गोम इथेच आहे. प्रमाणपत्र कागदावर, प्लास्टिक नाल्यात, असं होऊ शकतं आणि झालंही. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही प्रक्रिया उद्योगांनी लाखोंच्या संख्येने खोटी प्रमाणपत्रं तयार केल्याचं उघड झालं. कारखान्याची क्षमता मूठभर आणि प्रमाणपत्रं डोंगराएवढी.

खोटेपणा वगळला तरी एक प्रश्न उरतो. प्रमाणपत्राचे पैसे साखळीच्या शेवटच्या टोकाला, प्रक्रिया उद्योगाला मिळतात. पहिल्या टोकाला पुलाखाली बसून पाकिटं वेगळी करणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं किती पोचावं, याचा आकडा नियमावलीत नाही. पोचलं तर कोणाच्या तरी चांगुलपणामुळे पोचतं. माझ्या मते या कायद्यातली सर्वात मोठी फट हीच. खोट्या प्रमाणपत्रांवर तपासणी हा उपाय आहे, पण पहिल्या टोकाच्या मजुरीचा रकानाच नसेल तर तपासणार काय?

कोणाला काय विचारावं

घरापुरतं काम थोडं आहे आणि ते बहुतेकांना माहीत आहे: ओलं वेगळं, दुधाची पिशवी विसळलेली, फुटकी काच पुठ्ठ्यात बांधून, नॅपकिनवर ठिपका. सोसायटीने आणखी दोन गोष्टी कराव्यात. कचरा निवडण्यासाठी छपराखालची चार-पाच फूट जागा आणि हात धुवायला नळ. बिल्डरच्या माहितीपत्रकात जिम असतं, ही जागा नसते. आणि शुल्क महिन्याच्या महिन्याला, बाईने कार्यालयात खेटे न घालता मिळावं.

महापालिकेला विचारायची गोष्ट वेगळी. आपल्या प्रभागातला करार कधी संपतो आणि पुढच्या करारात वेचणाऱ्यांचं स्थान काय, हे नगरसेवकाला निवडणुकीच्या आधी विचारलेलं बरं.

कंपन्यांच्या बाबतीत एक दार अनेकांच्या लक्षात येत नाही. शेअर बाजारात नोंद असलेल्या पहिल्या 1,000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमानुसार व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. त्यात विस्तारित उत्पादक जबाबदारी तुम्हाला लागू आहे का, आणि असेल तर तुमची कचरा संकलनाची योजना प्रदूषण नियंत्रण मंडळाला सादर केलेल्या योजनेशी जुळते का, असा थेट प्रश्न आहे. बऱ्याच कंपन्या त्याचं उत्तर एका ओळीत उरकतात. हल्ली मराठी घरांतही एसआयपी आणि डिमॅट खाती आली आहेत. ज्यांच्या नावावर कंपनीचे थोडेसे का होईना शेअर आहेत, त्यांना वार्षिक सभेत विचारता येतं: प्रमाणपत्रं कोणाकडून घेतली, त्यांचा कारखाना कोणी जाऊन पाहिला, आणि माल वेचणाऱ्याला किलोमागे काय मिळालं? सभा आता बहुधा ऑनलाइन असते, आणि बोलण्यासाठी वक्ता म्हणून आधी ईमेलने नाव नोंदवावं लागतं. प्रश्न त्याच ईमेलमध्ये लिहून पाठवावा.